कियोसानच्या घरी आमचे घोळ

यंदाचीही भातकापणी सुरू झाली. आमच्या वाकसईत दव वाळेपर्यंत कुणी विळा हातात घेत नाही. बाया बांधावर बसून गप्पा मारतात आणि ऊन पाठीवर आलं की ओळीनं खाचरात उतरतात. आंबेमोहोराचा वास सगळ्यांना ठाऊक असतो तो शिजतानाचा. पण कापणीच्या दिवसांत खाचरालाच एक वास येतो, ओल्या पेंढ्याचा आणि वाळत आलेल्या चिखलाचा मिळून, थोडा गोड, थोडा आंबूस. तो आला की मला लोणावळ्याचा एक बंगला आठवतो. लढाईच्या आधीच्या एका वर्षी, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, आम्ही सासूसुना त्या बंगल्यात राहिलो. इतकं परकं आणि इतकं मजेचं राहणं पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

आमचे हे तेव्हा मुंबईला एका जपानी कापूसपेढीत कारकून होते. पेढीचे मोठे साहेब हायाशी. त्यांच्या पत्नीला, कियोसानना, मुंबईची हवा सोसेना म्हणून साहेबांनी लोणावळ्याला एका पारशी शेठचा बंगला हंगामापुरता घेतला. साहेब शनिवारी येत आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जात. मधल्या दिवसांत बाईंना सोबत हवी होती. मी पुण्याला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली, कियोसानना इंग्रजी तेवढंच येत असे, तेव्हा ह्यांनी माझं नाव सुचवलं. पण तरण्या सुनेला परक्याच्या घरी एकटी कशी पाठवायची, म्हणून माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आंबेमोहोराचं पोतं गाडीत टाकून माझ्याबरोबर निघाल्या.

बंगला बाहेरून इंग्रजी थाटाचा होता, कौलारू, लांब व्हरांड्याचा. आत पाऊल टाकलं की जपान. खुर्च्या-मेजं सगळी मागच्या खोलीत ढिगानं रचलेली, दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड चटया, आणि त्यांवर गुडघे मुडपून बसलेल्या कियोसान, इतक्या नीटनेटक्या की आपल्या पदराची घडी आपोआप सारखी करावीशी वाटे. लोणावळं आमचं, डोंगर आमचे, पण त्या उंबऱ्याच्या आत परदेशी आम्हीच होतो.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ह्यांनी मला शिकवून ठेवलं होतं की माणसाच्या नावापुढे सान लावायचं, तो त्यांचा मान. मी हात जोडून इंग्रजीत म्हटलं, "मी सुमतीसान." कियोसाननी ओठांवर हात धरला. पुढे कळलं की सान दुसऱ्याला म्हणायचं असतं, स्वतःला कधीच नाही. म्हणजे मी दारात उभी राहून आपणहून सांगितलं होतं, मी सुमतीबाईसाहेब. आत्याबाईंना तर तो शब्दच पटला नव्हता. "येवढी साहेबाची बायकू, आन तिला सान का म्हनायचं? थोर म्हना की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या दिवसापासून कियोबाई म्हणायला सुरुवात केली.

आत्याबाईंना जपानी यायला लागलं ते दुसऱ्या दिवसापासून, असं त्यांचं मत होतं. कारण कियोसान प्रत्येक वाक्यावर "हाय" म्हणत. आत्याबाई विचारत, "घरात मीठ हाय का?" कियोसान मान लववून म्हणत, "हाय." "न्हाई म्हनलीस तरी बोली आपलीच हाय गं हिची," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, उद्या सांडग्याची आमटी करू का? हाय. तिखट चालंल का? हाय. लय तिखट? हाय. दुसऱ्या दिवशी कियोसाननी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना, चेहऱ्यावरची घडीसुद्धा न मोडता, वाटी संपवली. शनिवारी साहेबांबरोबर आलेल्या ह्यांनी उलगडा केला, की त्यांच्या बोलीत हाय म्हणजे होय खरं, पण पुष्कळदा नुसतंच, ऐकते आहे, बोला.

तसंच "ने" चं झालं. कियोसाननी फुलदाणीत दोनच काटक्या आणि एक रानफूल तासभर निरखून खोचलं आणि आत्याबाईंकडे पाहून कौतुकानं म्हणाल्या, "किरेई ने." म्हणजे सुंदर आहे, नाही का. आत्याबाईंनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. तत्परतेनं फुलदाणी उचलली आणि काटक्यांसकट मागच्या परसात नेऊन उकिरड्यावर रिती केली. परत आल्या त्या हात झटकत. "नेलं बाई," म्हणाल्या. कियोसान रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हाय."

चहाची गोष्ट आजही घरात निघते. त्यांचा चहा हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आत्याबाईंना तो पाल्याच्या काढ्यासारखा लागे. पण समोर आलेलं टाकायचं नाही ही आपली रीत, म्हणून त्या नाक धरल्यासारखा एका दमात पेला संपवत. रिकामा पेला दिसला की कियोसान लगेच भरत, कारण पाहुण्याचा पेला रिता राहू देणं हा त्यांच्यात उणेपणा. आत्याबाई पुन्हा संपवत. कियोसान पुन्हा भरत. दोघीही घामाघूम झाल्या, पण एकीनं रीत सोडली नाही आणि दुसरीनंही. शेवटी किटलीतलं पाणी संपलं तेव्हा दोघींनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. थोडा चहा पेल्यात ठेवला की आग्रह थांबतो, हे मला कळलं ते फार उशिरा, आणि आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उष्टं ठिवायचं व्हय? त्यापरास पेते."

आंघोळीचा प्रसंग मात्र मोठा. साहेबांनी लोणावळ्याच्या सुताराकडून सागवानी लाकडाचं एक भलंमोठं पिंप करून घेतलं होतं, माणूस गळ्यापर्यंत बुडेल असं. शनिवारी दुपारपासून नोकर त्यात ऊन पाणी भरत. त्या शनिवारी साहेबांबरोबर पेढीतले दोन जपानी मित्र आले होते, दिवसभर खंडाळ्याच्या डोंगरात हिंडून थकलेले. पण घरातलं वडील माणूस म्हणून पहिला मान आत्याबाईंना दिला गेला. त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या त्या केस पुसत, प्रसन्न चेहऱ्यानं. ओसरीवर पाहुणे अंगाभोवती सुती झगे गुंडाळून, हातात रुमाल घेऊन, मुकाट्यानं पाळीची वाट पाहत बसले होते.

"लय ग्वाड पानी," आत्याबाई म्हणाल्या. "शिककाई लावून न्हाले. आन माझ्या अंगाचं पानी दुसऱ्याला कसं ठिवायचं, म्हून बूच काढून समदं केळीला सोडलं. पिंपबी घासून ठिवलं बघ."

त्यांच्यात अंग बाहेर धुवायचं, आणि पिंपात नुसतं बसायचं, एकामागून एक सगळ्यांनी त्याच पाण्यात. मी आत्याबाईंचं म्हणणं कसंबसं इंग्रजीत मांडलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांतल्या वयस्क पाहुण्यांनी उठून आत्याबाईंपुढे वाकून काही म्हटलं. साहेबांनी त्याचा अर्थ सांगितला: केळी नशीबवान आहेत.

असे ते दिवस चालले होते. सकाळी दरीतून धुकं वर येई, दुपारी गवताच्या काड्या सोनेरी होत, आणि संध्याकाळी कियोसान आणि आत्याबाई ओसरीवर शेजारी बसून तांदूळ निवडत. आंबेमोहोराचा मऊ, गोळा होणारा भात पहिल्यांदा केला तेव्हा कियोसाननी वाटी दोन्ही हातांत धरून नुसताच वास घेतला होता. मुंबईचा मोकळा फडफडीत भात त्यांना कधी गोड लागला नव्हता. तेव्हापासून पोत्यातला तांदूळ त्या दोघींचा झाला. एक जपानीत बोले, एक मावळीत, आणि मी मध्ये काही भाषांतर करायला गेले तर दोघी मला हातानं थांबवत.

मग दिवाळी आली आणि वाकसईहून लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे नवे तांदूळ आले. आत्याबाईंनी पहिला भात रांधला. कियोसानना तो आधी द्यायचा म्हणून त्यांच्या वाटीत छान मूद पाडली, आणि त्या ज्या दोन काड्यांनी जेवत, त्या सापडायला सोप्या पडाव्यात म्हणून मुदीत उभ्या खोवल्या. वाटी दोन्ही हातांनी कियोसानपुढे ठेवली. पंगतीला साहेब होते, आमचे हे होते.

कियोसानच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. साहेबांनी त्या काड्या काढून बाजूला आडव्या ठेवल्या आणि ह्यांच्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलू लागले.

जेवणं आटोपल्यावर ह्यांनी आम्हाला परसात नेऊन सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्यापुढे भाताची वाटी ठेवतात आणि तिच्यात काड्या अशा उभ्या खोचतात. आणि कियोसाननी अशी वाटी आदल्याच वर्षी ठेवली होती, स्वतःच्या तान्ह्या मुलापुढे. मुंबईची हवा सोसत नव्हती ती ह्या कारणानं.

आत्याबाई केळीजवळच्या दगडावर बसल्या. "म्हंजी मढ्यापुढं भात ठिवत्यात, तसं केलं म्या," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या दिसात. लेकरू गेलेल्या बाईपुढं." पुढचे दोन-तीन दिवस कियोसान बाहेर आल्या, हसल्या, चहाही दिला, पण तांदूळ निवडायला ओसरीवर आल्या नाहीत. त्यांचं वागणं इतकं सभ्य होतं की त्याला कुठून धरावं ते कळेना. मला वाटलं, आता आपलं इथलं राहणं संपलं आणि कदाचित ह्यांची नोकरीही.

"तिची माफी मागाया मला बोली न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तिला शिवारात घिऊन जाऊ. कापनी चालू हाय. मोकळ्या रानात मानसाला बरं वाटतं. तू साहेबाला इचार."

शनिवारी मी विचारलं. साहेबांनी मान तिरकी केली, दातांमधून हळूच श्वास आत ओढला आणि म्हणाले, "थोडं अवघड आहे." मी तसंच आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी विचार केला. "अवघड म्हंजी न्हाई न्हवं," त्या म्हणाल्या. "रस्त्याचं आसंल. बाईमानूस चालंल कसं येवढं? बरूबर हाय त्याचं." आणि त्यांनी दूधवाल्याबरोबर वाकसईला निरोप धाडला.

रविवारी सकाळी बंगल्याच्या फाटकाशी बैलगाडी उभी. बैल धुतलेले, शिंगांना हिंगूळ, आत ताज्या पेंढ्यावर नवी घोंगडी. जुवाशी माझे सासरे, मामंजी, पांढरं पागोटं घालून उभे. साहेबांना राम राम करून म्हणाले, "गाडी आनलीया साहेब. आता काय अवघड न्हाई."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, अवघड आहे म्हणजे नाही," हे माझ्या कानात म्हणाले. "ते लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत." पण जे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, ते दारात गाडी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तरी नाही कसं म्हणणार? साहेब व्हरांड्यात उभे राहून बैलांकडे बघत राहिले. तेवढ्यात आतून कियोसान आल्या, छत्री घेऊन, आणि कुणाला काही न विचारता गाडीत चढून बसल्या. मग साहेबही बसले, कोट-टाय घालून, मांडीवर टोपी धरून, अगदी ताठ.

खाचरात बाया ओळीनं कापत होत्या. कियोसान बांधावर थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून एक लोंबी बोटांत धरली, दाणा दातानं फोडून पाहिला. मग पायातलं काढलं, छत्री मिटून माझ्या हातात दिली, किमोनोच्या लांब बाह्या दोरीनं पाठीमागे बांधल्या आणि सरळ चिखलात उतरून माझ्या जावेच्या हातातला विळा मागून घेतला. त्यांची कापणी आमच्यासारखीच होती, फक्त पेंडी बांधायची तऱ्हा वेगळी. एक झटका, एक पीळ, आणि पेंडी घट्ट. अर्ध्या ओळीत त्या इतर बायांच्या बरोबरीला आल्या. बायांचे हात भरभर चालायला लागले, कारण साहेबाच्या बायकोच्या मागे राहायचं कुणालाच नको होतं.

"ही शेतकऱ्याची लेक हाय," आत्याबाई म्हणाल्या.

आणि ती होतीच. साहेबांनी मला नंतर सांगितलं, उत्तरेकडच्या भातपिकाच्या गावात वाढलेली, लग्नानंतर एकदाही खाचरात न उतरलेली. साहेब स्वतः शहरातले. थोड्या वेळानं त्यांनी कोट काढून बैलाच्या जुवावर टाकला आणि तेही उतरले. त्यांना काही जमेना. त्यांनी कापलेला भात अर्धा चिखलात आणि अर्धा त्यांच्या टायला. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या, तसे साहेबही हसले, आणि मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी आंब्याखाली जेवणं झाली. नवा भात, पावट्याची आमटी आणि निखाऱ्यावर भाजलेली सुकट. कियोसाननी सुकट मागून घेतली, पुन्हा मागितली. जेवण झाल्यावर आत्याबाईंनी ताज्या लोंब्यांची एक मूठ आणली आणि कियोसानच्या मांडीवर, ओच्यात ठेवली. "हिला सांग," त्या मला म्हणाल्या, "ही ओटी. आन सांग, माझंबी पयलं गेलं हुतं. मागनं हा झाला." त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं. मी सांगितलं. कियोसाननी लोंब्या दोन्ही हातांनी धरल्या आणि आत्याबाईंशी बराच वेळ जपानीत बोलत राहिल्या. आत्याबाई मध्ये मध्ये "हाय" म्हणत होत्या, आणि माझी खात्री आहे की त्या दिवशी त्यांनी तो शब्द अगदी बरोबर वापरला.

दुसऱ्या दिवशी निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन कियोसान आपणहून ओसरीवर येऊन बसल्या.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. तिला घेऊन त्या एकदा वाकसईला आल्या आणि आत्याबाईंनी तिला शेकून, तेल चोळून, कुंची घालून सगळ्या गावाला दाखवलं. मग पेढीनं सगळ्यांना मायदेशी बोलावलं. त्यानंतर लढाई आली, आणि रोज छापून येऊ लागलं की ते शत्रू. गावात कुणी आत्याबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तिचा हात म्या बघितलाय कापताना. मला नगा सांगू." आता लढाई संपून गेली. कियोसान कुठे आहेत, कशा आहेत, आम्हाला ठाऊक नाही. आत्याबाईंचं वय झालं, तरी खळ्यावर बसून पाखरं हाकतात आणि सुनांच्या पेंड्या सैल आहेत म्हणून कुरकुरतात. मला मात्र ह्या दिवसांत वाईट वाटत नाही. त्या बंगल्यातला शेवटचा दिवस आठवला की तर नाहीच.

संक्रांत होऊन गेली होती. कियोसान मुंबईला परत निघाल्या. लोणावळ्याच्या फलाटावर साहेब, त्यांचे ते पाहुणे मित्र, आम्ही दोघं आणि आत्याबाई. आत्याबाईंनी त्यांच्या रीतीनं निरोप द्यायचा म्हणून घरी चार दिवस सराव केला होता. हात मांड्यांवर, कंबरेतून वाकायचं, मान खाली. आणि कियोसाननी, हे मला मागाहून कळलं, बंगल्यातल्या नोकराला विचारून ठेवलं होतं की इथे वडील बाईच्या पाया कसं पडतात. गाडी लागली. दोघी समोरासमोर आल्या आणि दोघी एकदमच वाकल्या.

डोक्यावर डोकं आपटलं त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. जपानी मंडळी दगडासारखी उभी राहिली. कियोसाननी डोकं धरलं आणि त्या क्षमा मागण्यासाठी पुन्हा वाकू लागल्या, तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांचे दोन्ही कान धरून डोकं जवळ ओढलं आणि आपल्या डोक्यानं पुन्हा एक टक्कर दिली, पहिलीपेक्षा हळू, पण मुद्दाम.

"हे काय?" साहेबांनी मला विचारलं. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

मी म्हटलं, "आमच्यात एकदा डोकं आपटलं की दुसऱ्यांदा आपटावं लागतं. नाहीतर शिंगं उगवतात."

साहेबांनी हे गंभीरपणे मित्रांना जपानीत सांगितलं. कुणी हसलं नाही. वयस्क पाहुण्यांनी चष्मा पुढे सरकवून कियोसानचं डोकं एकदा नीट पाहिलं, मग आत्याबाईंचं पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली. शिट्टी झाली, मंडळी चढली, गाडी खंडाळ्याच्या दिशेनं हलली. डबा वळणावर जाईपर्यंत कियोसान खिडकीतून बाहेर वाकून, डोक्यावर दोन बोटं उभी धरून आम्हाला दाखवत होत्या, आणि फलाटावर आत्याबाई, पदर सावरत, आपल्या डोक्यावर दोन बोटं धरून त्यांना.